रिकामं दीड आवर्तन

आमच्या तिसऱ्या रेकॉर्डची दुसरी बाजू लावली, की साधारण निम्म्यावर गाणं थांबतं. पखवाज चालू राहतो, तंबोरे चालू राहतात, पण बाई एकही गात नाही. दीड आवर्तन तसंच जातं. मग सगळ्याजणी मधूनच, सातव्या मात्रेवर, पुन्हा उचलतात. सुरुवातीला दोघातिघांनी रेकॉर्ड दुकानात परत नेली होती, त्यांना वाटलं तबकडीत दोष आहे. पुढं एका वर्तमानपत्रात लेख आला आणि त्या रिकाम्या जागेला ‘मौनाचा अभिनव प्रयोग’ असं नाव मिळालं. तेव्हापासून जो तो तेच लिहितो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी तिथं उभी होते, डावीकडून चौथी. तो प्रयोग नव्हता. एवढं एक वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागली, म्हणून आता सगळंच लिहिते.

चिंचवड स्टेशनच्या पलीकडं आमची कंपनी बासष्ट साली उभी राहिली. विजेच्या मोटारींना लागणारी कॉइल बनवायची. वाइंडिंग खात्यात, म्हणजे तार गुंडाळायच्या कामावर, सगळ्या बायका, कारण केसासारखी बारीक तार बायकांच्या बोटांत तुटत नाही, असं साहेबलोकांचं मत. एका लांब शाफ्टवर पट्ट्यांनी जोडलेल्या बारा मशिनी, बारा स्टुलं. शाफ्ट फिरला की बाराही मशिनी एकाच गतीनं फिरायच्या. फेरे मोजायचे आपण, तोंडानं. एकशे चाळीस म्हणजे एकशे चाळीस. एक फेरा चुकला तर कॉइल भंगारात आणि नाव फळ्यावर.

कामावर बोलायला बंदी होती, पण मोजायला बंदी घालता येत नव्हती. सगळ्यांचे फेरे एकदमच व्हायचे म्हणून आम्ही एकदमच मोजायला लागलो. मग आपोआप एका सुरात मोजायला लागलो. एखादीला खोकला आला, घोटभर पाणी प्यावंसं वाटलं, तर ती थांबायची आणि शेजारची जरा आवाज चढवून तिचाही आकडा धरून ठेवायची. पाणी पिऊन झालं की ती परत त्याच आकड्यावर शिरायची. आठ तासांत मोजणी तुटायची नाही. हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

स्टोअरमध्ये रंगराव नावाचे कारकून होते. मिरजेकडचे. तरुणपणी दहा वर्षं ध्रुपद शिकले होते आणि आता नटबोल्टांचे डबे सांभाळत होते. त्यांच्या खिडकीला जाळी होती आणि जाळीपलीकडं आम्ही. दोन वर्षं ते आमची मोजणी ऐकत राहिले. चौसष्ट साली एक दिवस दुपारच्या सुट्टीत आले आणि म्हणाले, की बायांनो, तुम्ही जे करता ते करायला मोठमोठ्या वृंदांना जमत नाही. एकीचा श्वास संपला तरी तुमचा सूर संपत नाही. मला तुम्हाला राग शिकवायचा आहे.

आमच्यातली शालनबाई म्हणाली, “मास्तर, राग आम्हाला पुष्कळ येतो. दुसरं काय ते शिकवा.”

पहिल्या पाळीनंतर कँटीनच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. भूप, मग तोडी, मग मारवा. मी पहाटे उठून वंदना करते, पंचशील घेते, मग स्टो पेटवते. पौर्णिमेला अष्टशील असतं, त्या दिवशी दुपारनंतर जेवण नाही आणि गाणंबजावणंही नाही. मास्तरांना हे भीत भीत सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की मग पौर्णिमेला तालीम नाही. आजवर नसते. बाराजणींत सातारच्या, कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, सगळ्या होत्या. पौर्णिमेची सुट्टी सगळ्यांनाच आवडायची.

सोजरबाई माझ्या शेजारच्या मशिनीवर. निघोजे गावची लेक, पिंपरीत दिलेली. आमच्याच समाजातली, पण माझ्यासारखी वंदनेच्या वेळा पाळणारी नव्हे. तिचा आवाज म्हणजे खालचा सा. इतका खालचा, की तंबोऱ्याची जाड तार आणि ती एकदम लागली तर कोणती कुठली ते कळायचं नाही. मास्तरांनी तो आवाज पहिल्या दिवशी ऐकला आणि तिला परत तोच सा लावायला सांगितला. पुढं त्यांनी जी जी चीज बांधली ती त्या आवाजावर उभी केली. आम्ही अकराजणी भिंती आणि ती जोतं.

सहासष्ट साली रेडिओवर पहिलं ध्वनिमुद्रण झालं. ते लागलं त्या दिवशी चाळीत ज्याच्या त्याच्या दारात माणसं उभी होती. आठवड्यानं एका श्रोत्याचं पत्र आलं, की महिला वृंदात एक पुरुष बसवला आहे तो कोण. मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं. सोजरबाई म्हणाली, “आमच्या मालकांनी धाडलं आसंल. त्येंचा बी घरात त्योच सवाल असतुया.”

नंतर नाव होत गेलं. पुण्यात, मिरजेत, इंदूरला कार्यक्रम झाले. एकाहत्तर साली पहिली रेकॉर्ड निघाली, चौऱ्याहत्तरला दुसरी. दोन्हींवर सोजरबाईचा खर्ज आहे. जाणकार लोक ‘चिंचवडचा वृंद’ म्हणायचे, बाकीचे ‘वाइंडिंगच्या बायका’. कंपनीनं आम्हाला निळ्या काठाच्या बारा साड्या दिल्या आणि पाहुणे आले की त्यांना आमची रेकॉर्ड भेट द्यायला सुरुवात केली.

आता जे सांगायचं ते येतं.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्याच्या तोंडावर वाइंडिंगच्या मागं नवी भट्टी आली. कॉइल व्हार्निशमध्ये बुडवून त्यात भाजायची. वाफ बाहेर काढायला पंखा होता, तो तीन आठवड्यांत बंद पडला आणि तसाच राहिला. डोळे चुरचुरायचे, डोकं धरायचं. आषाढातल्या एका दुपारी तिथं कामाला असलेली तानुबाई भट्टीसमोर चक्कर येऊन पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कंपनीच्या कागदात आलं, की बाईला एकादशीचा उपास होता, म्हणून चक्कर आली.

हे वाचून मला काय झालं ते सांगता येत नाही. मी वर्षानुवर्षं उपास करून त्या शाफ्टवर बसले. मला कधी चक्कर आली नाही. उपासानं माणूस पडत नाही, वाफेनं पडतो.

सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला आले. अर्जुनराव म्हणून आमचे कामगार कल्याण अधिकारी होते, ते त्यांच्या बरोबरीनं फिरत होते. मोठ्यानं कधी बोलायचे नाहीत, सगळ्यांची नावं त्यांना पाठ. इन्स्पेक्टरांनी सोजरबाईला विचारलं. तिनं सांगितलं, की पंखा तीन आठवडे बंद होता, आम्ही चारदा सांगितलं, कुणी आलं नाही. मग ते माझ्याकडं वळले. तुम्ही शेजारीच असता ना, पंख्याचं काय? अर्जुनराव माझ्याकडं बघत होते. माझा मोठा मुलगा त्याच महिन्यात कंपनीत शिकाऊ म्हणून लागायचा होता. मी खाली बघितलं. काहीच बोलले नाही. इन्स्पेक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘माहिती नाही’.

मी तसं म्हटलं नव्हतं. पण ते लिहिताना मी बघत होते.

चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या संध्याकाळी मी स्वतःला समजावलं, की मी खोटं बोललेच नाही, मी बोललेच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते शील घेताना आवाज फुटेना. तरी घेतलं. रोज घेत राहिले.

सोजरबाईनं जबाब मागं घ्यावा म्हणून तिला दोनदा ऑफिसात बोलावलं. ती ‘जमायचं न्हाई’ म्हणून आली. दिवाळीआधी तिला काढलं. कारण शिस्तभंग. तिनं कामगार कोर्टात केस घातली आणि चिंचवडच्या मंडईत भाजी घेऊन बसायला लागली.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत तिसरी रेकॉर्ड ठरलेली होती. आधीच्या दोन्हींपेक्षा मोठी, दोन्ही बाजूंना आम्हीच. दुसऱ्या बाजूला मास्तरांनी खास बांधलेली मारव्यातली, बारा मात्रांच्या चौतालाची चीज. तिच्या मध्यावर सगळ्यांनी थांबायचं आणि सोजरबाईनं एकटीनं खर्ज धरायचा, दीड आवर्तन. मग त्या खर्जाच्या खांद्यावर पाय देऊन आम्ही वर चढायचं. मास्तर त्या वेळी सत्तावन्न वर्षांचे. वर्षानं ते कंपनीतून निवृत्त होणार होते. ही चीज त्यांच्या आयुष्याची होती हे आम्हाला न सांगता कळत होतं.

कंपनीची अट आली, की सोजरबाई यायची नाही. जी कंपनीत नाही ती कंपनीच्या वृंदात कशी. मास्तर अर्जुनरावांकडं दोनदा जाऊन आले. परत आले ते माझ्याकडं बघून म्हणाले, “कस्तुराबाई, तुमचाही आवाज खाली जातो. तिच्याइतका नाही, पण जातो. दीड आवर्तनाचाच प्रश्न आहे.”

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला गप्प राहून निभावून न्यायची सवय लागली होती.

रेकॉर्डिंगला जायच्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये खडकीच्या पुढं आल्यावर मी उठले. मास्तर आणि अर्जुनराव पुढं जीपमध्ये होते. मी म्हटलं, की सोजरबाईचं मी गाणार नाही. तिच्या जागी माझा आवाज गेला तर लोक म्हणतील हाच तो आवाज, आणि ते खोटं होईल. तुम्हीही कुणी गाऊ नका. ती जागा रिकामी राहू द्या.

कोकणातल्या दुर्गाबाई म्हणाल्या, “नोकरीवर गदा आली तर?”

शालनबाई म्हणाली, “येऊ दे. सोजरबाईशेजारी बसून मेथी विकू. जुड्या मोजायला तरी आपल्यासारख्या बाया कुठं मिळणारेत.”

हसणं झालं आणि ते ठरलं.

स्टुडिओत पहिली बाजू नीट झाली. दुसरी सुरू झाली. मुंबईहून आलेले रेकॉर्डिंगवाले साहेब काचेमागं, त्यांच्या शेजारी अर्जुनराव. मारुतराव पखवाजावर. मास्तर आमच्यासमोर उभे. मध्य आला. मास्तरांनी डावा हात तळवा वर करून माझ्याकडं केला. ती सोजरबाईची खूण. मी तोंड मिटून उभी राहिले.

एक मात्रा गेली, दोन गेल्या. आणि शालनबाई गायला लागली.

तिला कळलंच नाही. चौदा वर्षं शेजारचीचा आवाज तुटला की तो आपण धरायचा, ही तिच्या फुप्फुसांची सवय. पुढं छबूबाईनं धरलं, दुर्गाबाईंनी धरलं. तिघीचौघींनी मिळून ते दीड आवर्तन असं भरून काढलं, की बाहेरच्याला सांधा दिसला नसता. चीज संपली. शालनबाईनं माझ्याकडं बघितलं आणि मग तिच्या ध्यानात आलं. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

“फर्स्ट क्लास. ओके,” काचेमागून आवाज आला.

अर्जुनराव हसत होते. मास्तरांनी डोळे मिटले होते, मला वाटतं समाधानानं. कंपनीचं काम झालं होतं. गप्प बसून जे होत होतं ते हे असं होतं. मी गप्प बसले आणि जागा भरली गेली. इन्स्पेक्टरांच्या कागदावर भरली गेली होती तशीच.

मी हळू बोलते. घरातसुद्धा माझं बोलणं दुसऱ्या खोलीत जात नाही. पण माझ्यासमोर मायक्रोफोन होता.

“हे ठेवू नका,” मी म्हटलं. “यात एक आवाज खोटा आहे.”

काचेमागं ते फार मोठ्यानं ऐकू गेलं असावं, कारण साहेबांनी कानावरचं यंत्र काढलं. अर्जुनराव आत आले. मला म्हणाले, की कस्तुराबाई, दमला असाल, बसा. मी म्हटलं, मी दमले नाही. परत गाऊ. ते म्हणाले, परत कशाला, चांगलं झालंय. मी म्हटलं, चांगलं झालंय, पण आमचं नाही. हे गेलं तर अकराजणी रेडिओवर, पेपरात, जिथं विचारतील तिथं सांगू, की ही रेकॉर्ड खोटी आहे.

मग ते मास्तरांकडं वळले. मास्तरांनी तंबोऱ्याची खुंटी जरा पिळली आणि मारुतरावांना म्हणाले, “पहिल्यापासून घ्या.”

दुसऱ्या वेळी शालनबाईनं मध्य आल्यावर पदराचा बोळा तोंडात घातला. छबूबाईनं दुर्गाबाईंचा हात धरला. गप्प राहणं एवढं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. आतून सगळ्यांचे श्वास त्या सुराकडं ओढ घेत होते आणि आम्ही ते गळ्यात अडवून धरत होतो. मास्तरांचा हात वर गेला तो वरच राहिला. त्यांना ती जागा स्वतः गाता आली असती. बांधलेली त्यांनीच तर होती. ते गायले नाहीत. पखवाज एकटा चालला होता. एक आवर्तन, मग अर्धं. हात खाली आला आणि आम्ही सातव्या मात्रेवर उचललं. तसं आम्ही आधी कधी गायलो नव्हतो, नंतरही नाही.

साहेबांकडं अजून फक्त अर्धा तास होता, बाहेर दुसरी मंडळी थांबली होती. अर्जुनराव म्हणाले, पहिलंच ठेवा. साहेब म्हणाले, ते त्याच फितीवर होतं, त्यावरच दुसरं घेतलं. मग अर्जुनराव म्हणाले, मधला तुकडा कापून जोडा. साहेबांनी फीत मागंपुढं करून ऐकली आणि मान हलवली. पूर्ण आवर्तन असतं तर कापलं असतं, म्हणाले. हे दीड आहे. कापलं तर ताल मोडतो.

रेकॉर्ड निघाली. कव्हरं आधीच छापून झाली होती आणि कंपनीच्या समारंभाची तारीख मंत्र्यांनी दिलेली होती. मला आणि शालनबाईला वाइंडिंगवरून पॅकिंगला टाकलं. माझ्या मुलाचं शिकाऊपण गेलं. कँटीनचा हॉल वृंदाला बंद झाला. मास्तर माझ्याशी सव्वा वर्ष बोलले नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

मी रेकॉर्ड घेऊन सोजरबाईकडं गेले होते. शेजाऱ्याच्या यंत्रावर लावली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “जागा मेलेल्या माणसाची मोकळी ठिवत्यात. म्या हितं मंडईत जित्ती बसलेय.” मग विचारलं, की तालीम आता कुठं करणार. मी म्हटलं, विहारात विचारून बघते. पुढच्या आठवड्यापासून विहारात तालीम सुरू झाली आणि ती भाजीची पाटी दाराशी ठेवून गायला आली. निवृत्त झाल्यावर मास्तरही तिथं यायला लागले. रेकॉर्ड नसली तरी वृंद बाराजणींचा राहिला. पण लोक ओळखायचे ते रेकॉर्डवरून. ‘मौनाचा प्रयोग’ ही तेव्हाचीच गोष्ट. कंपनीला तो लेख फार आवडला. त्यांनी तो काचेत लावला. ज्यांना आम्ही अडवलं, त्यांनीच ते आमचं कौतुक म्हणून भिंतीवर टांगलं.

ब्याऐंशी साली मुंबईचे तेच साहेब कॅसेट काढायची म्हणून विहारात आले. फार भला माणूस. म्हणाले, आता नवं तंत्र आलं आहे. सोजरबाईंना बोलवा, त्या दीड आवर्तनात त्यांचा खर्ज भरून घेऊ. चीज पुरी होईल.

मास्तरांचे डोळे भरून आले. माझंही तसंच झालं. पाच वर्षं जे उरावर होतं ते उतरणार होतं. मी धावतच मंडईत गेले. सोजरबाई कोथिंबिरीवर पाणी मारत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, “मी न्हाई गायची.”

मी विचारलं, का.

“भरली म्हंजी झालं का? मग उद्या कुनीबी म्हनंल, काय घडलंच न्हवतं. कोर्टात माझी तारीख पडतीया आजून. तानीचा हात वाकडा ऱ्हायलाय. आन् गानं तेवढं नीट करून ठिवायचं व्हय?”

मी म्हटलं, लोकांना तुझा आवाज तरी ऐकायला मिळेल.

“ऐकायचा त्येनी विहारात यावं. कस्तुरे, तुला हलकं वाटावं म्हनून मी गाऊ व्हय?”

तिला कसं कळलं म्हणून मी तिच्याकडं बघत राहिले. मग तिथंच, गिऱ्हाईक उभं असताना, मी इन्स्पेक्टरचं सांगितलं. की मी खाली बघितलं, त्यांनी ‘माहिती नाही’ लिहिलं आणि मी लिहू दिलं.

“ठाव हाय मला,” ती म्हणाली. “तू माझ्या शेजारीच हुतीस.” गिऱ्हाइकाला तिनं जुडी दिली. “बोलायचं व्हतं तवा गप बसलीस. गायचं व्हतं तवा बी गप बसलीस, ते चांगलं केलंस, न्हाई म्हनत न्हाई. पर मान्सं त्येला बी कायबाय नाव देत्यात. आता त्वांड उघड.”

दोन दिवसांनी मास्तर कॅसेटच्या संमतीचा फॉर्म घेऊन माझ्याकडं आले. मी वृंदाची चिटणीस, सही माझी लागायची. सोजरबाई येणार नाही हे त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, की मग जुनीच फीत जशीच्या तशी जाईल. फॉर्मवर गायिकांची नावं होती, आणि खाली टाइप केलेला मजकूर होता, कव्हरवर छापायचा. त्यात तोच प्रयोग होता. मौनातून स्वराकडं जाण्याची साधना, असं काहीतरी.

मी वंदना करून उठले होते, उदबत्ती अजून जळत होती. मी पेन घेतलं, तो मजकूर एका रेघेनं खोडला आणि खाली लिहिलं:

‘या चिजेत अकराजणी गायल्या. बाराव्या, सोजरबाई, यांना गाऊ दिलं नाही, कारण त्यांनी भट्टीच्या बंद पंख्याबद्दल खरं सांगितलं. तो पंखा बंद होता. मी तिथं होते.’

आणि सही केली. कागदावर ‘माहिती नाही’ असं माझ्या नावानं जे लिहिलं गेलं होतं, त्याच्यापुढं हे कुठल्याही कोर्टात चालणार नाही हे मला माहीत होतं. कोर्टात चालेल असा जबाब मी सोजरबाईच्या वकिलाला जाऊन वेगळा लिहून दिला आहे.

मास्तरांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, “हे छापणार नाहीत.”

“मग आमचं गाणंही काढायला नको.”

“कस्तुराबाई, माझी एकच चीज आहे ती.”

मी चहा ठेवला. चहा पिऊन होईपर्यंत ते कागदाकडं बघत होते. मग त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या ओळींखाली आपल्या बारीक अक्षरात लिहिलं, की मी रंगराव, या वृंदाचा शिक्षक, त्या वेळी हात वर करून उभा होतो आणि मलाही सर्व माहीत होतं. सही केली, तारीख घातली. दारापर्यंत जाऊन परत फिरले आणि म्हणाले, की बाकीच्यांच्याही घ्या.

फॉर्म मुंबईला गेला. महिन्यानं परत आला, सोबत चिठ्ठी, की कायदेशीर अडचणीमुळं वरील मजकूर वगळून नवीन फॉर्म भरावा. साहेबांनी शेवटी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, की मला वाईट वाटतं. नवा कोरा फॉर्म जोडला होता. मी त्यावर तेच लिहिलं. तोही परत आला. तिसऱ्या वेळी चिठ्ठी नव्हती, नुसता फॉर्म.

परवा चौथ्यांदा पाठवला. आता त्यावर बाराजणींच्या सह्या आहेत, तानुबाईनं डाव्या हातानं केलेली तेरावी, आणि मारुतरावांची. सोजरबाईनं सही करायच्या आधी सगळा मजकूर मला मोठ्यानं वाचायला लावला. मी वाचला. ती म्हणाली, “ऐकू न्हाई आलं. जरा जोरात.”

विहारात सगळ्या बसल्या होत्या. मी परत वाचला.